भिंत रिकामी नसते



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथं उदगीरला दरवर्षी जमतो, ते चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांच्या हाताखाली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेली कितीतरी माणसं मला समोर बसलेली दिसतात. कुणी डॉक्टर झालं, कुणी मोंढ्यात आडत चालवतं, कुणी दुकानांच्या पाट्या रंगवतं. या सगळ्यांना गुरुजींनी बघायची सवय लावली. म्हणून आजचा विषय बघण्याचाच आहे. रोज ज्यांच्याजवळून आपण जातो, त्या गावातल्या भिंती.

सुरुवात एका भिंतीपासूनच करतो. गुरुजींनी एका शाळेच्या आवारभिंतीवर मुलांकडून मोठं चित्र काढून घेतलं होतं. एका टोकाला तिफण, पुढं कोळपणी, मग खळं, आणि दुसऱ्या टोकाला पोती भरून घराकडं निघालेली बैलगाडी. पेरणीपासून राशीपर्यंतचं सगळं वर्ष त्या भिंतीवर होतं. बरीच वर्षं ते टिकलं. मग एका उन्हाळ्यात कुठल्याशा मोहिमेसाठी गावातल्या भिंती रंगवायच्या ठरल्या. भिंतीवर प्रायमर चढला, त्यावर घोषवाक्य आलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शेत गेलं होतं.

ते काम करणारा पेंटर गुरुजींकडेच शिकलेला. गुरुजींनी त्याला विचारलं तेव्हा मी तिथं होतो. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, चित्र दिसत होतं. पण ते ठेवायचं का पुसायचं, हे विचारायचं कुणाला, तेच कळलं नाही."

गुरुजी त्याच्यावर रागावले नाहीत. मी मात्र त्याचं ते वाक्य आजपर्यंत विसरलेलो नाही. विचारायचं कुणाला? आज गावोगाव भिंती रंगत आहेत. उड्डाणपुलांचे खांब रंगतात, स्थानकं रंगतात, शाळा रंगतात. नवं चित्र येतं तेव्हा ते कशाच्या तरी वर येतं, कशाच्या तरी शेजारी येतं, कशाच्या तरी समोर येतं. त्या आधीच्या चित्राचं काय करायचं? पुतळ्याचं, शिलालेखाचं, जुन्या गिलाव्याचं काय करायचं? हा प्रश्न मुंबईला आहे, न्यूयॉर्कला आहे आणि उदगीरलाही आहे. त्याचे चार पदर मी आज तुमच्यासमोर ठेवणार आहे.

पहिला पदर. भिंत रिकामी नसते.

आपल्या मराठवाड्याला भिंतीवरच्या चित्रांबद्दल दुसऱ्या कुणी शिकवायला नको, कारण अजिंठा आपला आहे. तिथला गिलावा कशाचा आहे, माहीत आहे ना? माती, शेण, धानाचा भुसा, झाडपाल्याचे धागे, आणि वर चुन्याचा पातळ हात. आपल्या आजीनं पोतारलेल्या पांढऱ्या मातीच्या भिंतीची ती थोरली बहीणच आहे. अजिंठ्याची नववी आणि दहावी लेणी सर्वांत जुन्या लेण्यांपैकी. तिथली पहिली चित्रं सातवाहनांच्या काळातली, इसवी सनाच्या आधीची. त्यानंतर काही शतकांनी, पाचव्या शतकात, दुसरे चितारी त्याच लेण्यांत आले. त्यांनी काय केलं? काही ठिकाणी जुन्या चित्रांच्या वरच नवं काम केलं. खांबांवर बुद्धाच्या आकृती रंगवल्या. म्हणजे एका चित्रावर दुसरं चित्र, हा प्रकार आपल्याकडं दीड हजार वर्षांचा जुना आहे.

मग ते चितारी गुन्हेगार म्हणायचे का? मी म्हणणार नाही. ते त्याच धर्मातले, त्याच वास्तूत उपासना करणारे होते, आणि जे त्यांनी काढलं ते मन लावून काढलं. आधीच्यावर नंतरचं येणं हा वास्तूच्या जगण्याचा भाग आहे. आपला किल्लाच बघा. उदागीर बाबांचं स्थान तिथं, बहमनी आणि बरीदशाही काळातलं बांधकाम तिथं, फारसी शिलालेख तिथं, आणि ३ फेब्रुवारी १७६० च्या लढाईची आठवणही तिथंच. एक थर काढून टाकला तर उदगीर उरत नाही.

पण याच दहाव्या लेण्यात आणखी एक थर आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रास घोडदळातला एक इंग्रज अधिकारी तिथं पोचला. अजिंठा पुन्हा जगासमोर आला तो त्या दिवशी, असं आपण सांगतो. त्यानं काय केलं? एका खांबावरच्या रंगवलेल्या आकृतीवर आपलं नाव आणि तारीख कोरली. लेण्यात राडारोडा साठला होता, त्यावर तो उभा होता, म्हणून ते नाव आज आपल्या डोक्यापेक्षा बरंच वर दिसतं. इतकी मोठी गोष्ट सापडलेल्या माणसाला पहिल्यांदा सुचलं काय, तर आपलं नाव!

पाचव्या शतकातल्या चिताऱ्यानं आणि जॉन स्मिथनं, दोघांनीही आधीच्या कामावर काहीतरी केलं. दोघांत फरक काय? चिताऱ्यानं त्या जागेशी नातं ठेवून काहीतरी दिलं. स्मिथनं फक्त स्वतःची हजेरी लावली. किल्ल्याच्या बुरुजावर बदामाचा आकार काढून त्यात दोन नावं कोरणारी पोरं स्मिथच्याच वाटेनं जातात. आणि शिलालेखावर पक्षाचं चिन्ह रंगवणारा मोठा माणूसही त्याच वाटेचा.

दुसरा पदर. मायेनं केलेलं नुकसान.

स्मिथला दोष देणं सोपं आहे. अवघड गोष्ट पुढं आहे. अजिंठ्याच्या चित्रांवर ज्यांनी जीव लावला, त्यांच्याही हातून चित्रांना इजा झाली. १८४४ पासून रॉबर्ट गिल तिथं राहून नकला करत होता. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सनं आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी लंडनमधल्याच दुसऱ्या एका आगीत गेल्या. आणि या नकला करताना, रंग उठून दिसावेत म्हणून, मूळ चित्रांवर व्हार्निश मारलं गेलं.

त्यानंतर निजाम सरकारनं १९२० मध्ये दोन इटालियन तज्ज्ञ आणले, चेक्कोनी आणि ओर्सिनी. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे त्यांचं मोठं काम. पण त्यांनी चित्रांवर लाखेचं व्हार्निश दिलं. वर्षं गेली तसं ते पिवळं पडलं, पुढं तपकिरी झालं, धूळ धरून बसलं. पुढच्या पिढ्यांना तो लेप काढायला कित्येक दशकं राबावं लागलं. ज्यांनी वाचवायला लेप लावला, त्यांच्याच लेपाखाली चित्र दडलं.

श्रोतेहो, ही गोष्ट मी सविस्तर सांगतो आहे, कारण आपल्या गावात नेमकं हेच होतं. आपल्याकडं किती जुन्या दगडी देवळांना ऑइल पेंट मारलेला आहे? खांबांवरची वेलबुट्टी, गणेशपट्टी, द्वारशाखांवरच्या मूर्ती, सगळं पोपटी, गुलाबी आणि चंदेरी रंगात बुडालेलं. कुणी केलं? भाविकांनी वर्गणी काढून, श्रद्धेनं केलं. त्यांच्या श्रद्धेवर माझा एक शब्द नाही. पण दगडाचं काय होतं, ते सांगायला हवं. जमिनीतली ओल भिंतीत वर चढते. चुन्याच्या गिलाव्यातून, उघड्या दगडातून ती बाहेर पडते. ऑइल पेंटचा पापुद्रा तिला बाहेर पडू देत नाही. मग आतल्या आत लोणा धरतो, क्षार फुलतात, आणि रंगाबरोबर दगडाचा पोपडा निघतो. त्या पोपड्यावर चालुक्यांच्या काळातल्या कारागिराच्या छिन्नीची रेघ असते. ती पुन्हा येत नाही.

वणीच्या सप्तशृंगी देवीचं उदाहरण घ्या. पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला शेंदराचा जाड लेप २०२२ मध्ये शास्त्रशुद्ध पद्धतीनं काढला गेला, तेव्हा देवीचं मूळ रूप पुन्हा दिसलं. भक्ती कमी झाली का? उलट, लोक ते रूप बघायला गेले. खालचं रूप जपणं हीसुद्धा भक्तीच आहे.

तिसरा पदर. सगळं जपायचं नसतं.

इथं कुणी म्हणेल, मग काय प्रत्येक भिंत संग्रहालयात ठेवायची? तसं मुळीच नाही. आपल्या परंपरेत जाण्यासाठीच काढलेली चित्रं भरपूर आहेत. नागपंचमीला भिंतीवर नाग निघतो. श्रावणात जिवतीचा कागद चिकटतो. दारातली रांगोळी दुपारपर्यंत पायाखाली जाते, आणि उद्या पुन्हा निघते. वारली लग्नघरातला चौक सवाशिणी तांदळाच्या पिठानं गेरूच्या भिंतीवर काढतात. लग्न पार पडतं, चुलीच्या धुरात, पुढच्या सारवणात तो चौक विरून जातो. त्याबद्दल कुणी रडत नाही, कारण काढणाऱ्या हातांना पुन्हा काढता येतं. जिव्या सोमा म्हसे यांनी ते चित्र कागदावर आणलं, जगभर नेलं. पण आज तारप्याभोवती नाचणाऱ्या त्याच आकृत्या स्टेन्सिलनं छापून जेव्हा प्रत्येक पुलाखाली येतात, तेव्हा त्यांत ना लग्न असतं, ना ती बाई, ना कुणाचं नाव. अशा भिंतीवर कुणाची माया बसेल?

आणि आपल्या जिल्ह्यात तर भिंतीबद्दल बोलताना जबाबदारीनं बोलावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींखालीच माणसं गेली. ज्याच्या घरातलं माणूस भिंतीखाली गेलं, त्याला भिंत जपा असं सांगायला मी जाणार नाही. धोक्याची भिंत पाडलीच पाहिजे. माणूस आधी. पण पाडण्याआधी तिच्यावर काय होतं ते बघून, फोटो काढून, लिहून ठेवायला किती वेळ लागतो?

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात फाइव्ह पॉइंट्झ नावाच्या कारखान्याच्या इमारती होत्या. मालकाच्या परवानगीनं तिथं रस्त्यावरचे चित्रकार भिंती रंगवत. सगळा कारभार त्यांच्यातलाच एक जाणता चित्रकार बघायचा. काही भिंती त्यांनी थोड्या दिवसांच्या ठरवल्या होत्या, त्यांवर सतत नवं चित्र चढायचं. काही भिंती दीर्घकाळ ठेवायच्या, त्यांना परवानगीशिवाय हात लावायचा नाही. ज्यांना आपण रस्त्यावर रंग फवारणारी पोरं म्हणतो, त्यांनी स्वतःसाठी किती साधा आणि शहाणा नियम केला होता! फिरती भिंत आणि ठेवणीतली भिंत. हे दोन शब्द मी आज तुमच्याकडं ठेवून जाणार आहे.

चौथा पदर. हक्क कुणाचा?

भिंत मालकाची, चित्र चित्रकाराचं, आणि बघणारे डोळे गावाचे. मग शेवटचा शब्द कुणाचा?

आपल्या देशातलं एक मोठं प्रकरण सांगतो. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी शिल्पकार अमरनाथ सहगल यांना सरकारनं १९५७ मध्ये काम दिलं. त्यांनी सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच असं ब्राँझचं भित्तिशिल्प घडवलं. १९७९ मध्ये नूतनीकरण निघालं, आणि शिल्प भिंतीवरून उतरवून गोदामात टाकलं गेलं. तुकडे हरवले, मोडतोड झाली. सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निकाल दिला: शिल्पाचे अवशेष कलावंताला परत करा आणि पाच लाख रुपये भरपाई द्या. आधार होता १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५७. कलाकृती विकली तरी तिच्यावर आपलं नाव असण्याचा आणि तिचं विद्रूपीकरण होऊ न देण्याचा हक्क कलावंताकडं राहतो.

पण त्या हक्कालाही सीमा आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचा हॉल ऑफ नेशन्स २०१७ मध्ये पाडला गेला. वास्तुकार राज रेवाल न्यायालयात गेले, तेव्हा २०१९ मध्ये निकाल आला की वास्तू पाडण्याचा मालकाचा हक्क वास्तुकार अडवू शकत नाही.

फाइव्ह पॉइंट्झच्या मालकानं २०१३ मध्ये एका रात्रीत सगळ्या चित्रांवर पांढरा रंग फासला. इमारती पाडायच्याच होत्या, तो त्याचा हक्क होता. पण अमेरिकेचा १९९० चा कायदा सांगतो की चित्रकाराला आधी ९० दिवसांची लेखी सूचना द्या, म्हणजे त्याला चित्र हलवता येईल, निदान त्याचे नीट फोटो तरी घेता येतील. ती सूचना दिली गेली नाही. २०१८ मध्ये न्यायालयानं २१ चित्रकारांना मिळून साडेसदुसष्ट लाख डॉलर द्यायला लावले. पाडण्यापेक्षा न विचारता पुसणं महाग पडलं. विचारायचं कुणाला, हा आपल्या पेंटरचा प्रश्न तिथं कायद्यानं सोडवला होता, आणि तरी तो मोडला गेला.

आणखी एक गोष्ट आहे. चित्राला हात न लावताही त्याचा अर्थ बदलता येतो. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराच्या परिसरात आर्तुरो दी मोदिका नावाच्या शिल्पकारानं १९८९ मध्ये उधळलेल्या बैलाचं शिल्प आणून ठेवलं, तेही परवानगी न घेता. लोकांना ते आवडलं. २०१७ मध्ये त्या बैलासमोर कंबरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या मुलीचं शिल्प आलं. बैलाच्या शिल्पकाराची तक्रार अशी, की माझा बैल ताकदीचं प्रतीक होता, त्याला तुम्ही खलनायक केलं. पुढच्या वर्षी त्या मुलीला तिथून हलवून दुसरी जागा दिली. आपल्याला हे परकं आहे का? चौकातल्या पुतळ्यासमोर वाढदिवसाचं फ्लेक्स उभं राहतं, तेव्हा पुतळ्याला कुणी ओरखडाही काढलेला नसतो. तरी त्या महापुरुषाच्या चेहऱ्यासमोर दुसऱ्याच कुणाचा चेहरा येतो. महाराष्ट्रात भिंती आणि मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ चा कायदा आहे. पण जिथं नजर तयार नाही तिथं कायदा काय करणार?

नवं काम जुन्याचा मान ठेवून कसं उभं राहतं, याचंही उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईचा काळा घोडा. सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा १८७९ चा. १९६५ मध्ये तो तिथून हलवला, आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. पण घोडा गेला तरी चौकाचं नाव गेलं नाही. २०१७ मध्ये तिथं नवा काळा घोडा उभा राहिला, शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडवलेला. त्याच्यावर राजा नाही. लोकांनी जे जपलं होतं तेवढंच नव्यानं दिलं, आणि ज्याला निरोप दिला होता त्याला परत आणलं नाही. माझ्या मते हा योग्य मार्ग आहे. तिथल्या मंडळींनी आधी जागेचं म्हणणं ऐकलं, मग हात लावला.

आता सगळं एकत्र करतो. भिंतीवर आधी कुणीतरी असतं. माया असली तरी अज्ञान चित्राचा घात करतं. काही चित्रं जाण्यासाठी असतात, काही राहण्यासाठी. आणि चित्रावर मालक, कलावंत आणि गाव, तिघांचाही थोडा थोडा हक्क असतो. मग उदगीरनं काय करावं?

हे गाव लहान नाही. १९५६ पर्यंत आपण बीदर जिल्ह्यात होतो. बीदरजवळ अष्टूरला अहमदशहा वली बहमनीची कबर आहे, पंधराव्या शतकातली. तिच्या आतल्या रंगकामासमोर आजही माणूस थबकतो, आणि तिथं हिंदू-मुसलमान दोघेही डोकं टेकवतात. २०२२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपण या गावात भरवून दाखवलं. ज्या गावाला संमेलन पेलवतं, त्याला एक नोंदवही पेलवणार नाही का?

मी एक नोंदवही मागतो आहे. आपल्या महाविद्यालयांतल्या मुलांनी, चित्रकला शिक्षकांनी आणि पेंटर मंडळींनी मिळून गावातल्या प्रत्येक चित्राची, पाटीची, शिलालेखाची नोंद करावी. कुठं आहे, कुणी काढलं, कधी काढलं, आणि एक फोटो. प्रत्येक भिंतीपुढं लिहावं: फिरती की ठेवणीतली. फिरत्या भिंतीवर मुलांनी खुशाल रंगवावं, पुसावं, पुन्हा रंगवावं. ठेवणीतली भिंत पुसायची असेल तर तीन महिने आधी चित्रकाराला आणि गल्लीतल्या लोकांना सांगावं. जुन्या दगडावर, शिलालेखावर, चुन्याच्या गिलाव्यावर ऑइल पेंटचा ब्रश लागू नये. आणि नवं चित्र होईल तिथं खालच्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव आणि साल यावं. सुतळीनं रेघ मारून, परांचीवर उन्हात उभं राहून ज्यानं ती भिंत रंगवली, त्याचं नाव भिंतीवर नको का?

गुरुजींच्या त्या शेताच्या चित्राचा एकही फोटो आज कुणाकडं नाही. मी शोधला. त्या वर्गातल्या मुलांना विचारलं. कुणाला तिफण आठवते, कुणाला गाडीची चाकं. बाकी गेलं. ते परत आणणं आता आपल्या हातात नाही. पण या सभागृहातून बाहेर पडल्यावर घरी जाताना वाटेतल्या एका भिंतीसमोर थांबणं आपल्या हातात आहे. थांबा, बघा, फोटो काढा, आणि तिच्यावरचं चित्र कुणी काढलं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा. उदगीरच्या नोंदवहीचं पहिलं पान आजच लिहा, म्हणजे पुढच्या वेळी ब्रश हातात घेऊन उभ्या राहिलेल्या पोराला कुणाला विचारायचं ते ठाऊक असेल.